पुकारा

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं नसणार, हे मला कळतं. चौकात दोनशे तरी माणसं होती, निम्म्यांचे फोन वर धरलेले, आणि मी चौथ्या-पाचव्या रांगेत एका उंच जोडप्यामागे टाचा उंचावून उभी होते. तरीही पितळी आकडीची ती काठी उभी धरून त्याने 'देनुन्सिआत्स दे ला सेकिया दे क्वार्त!', म्हणजे 'क्वार्तच्या पाटाचे आरोपी!', असा पुकारा केला, आणि मान सावकाश फिरवत गर्दीवरून नजर नेली, तेव्हा माझा उजवा पाय अर्धं पाऊल पुढे सरकला. शाळेत हजेरी घेताना आपला नंबर आला की ओठ आपोआप हलतात, तसा. लगेच मागे घेतला मी तो. शेजारी उभ्या लेकीने विचारलंसुद्धा, "आई, धक्का लागला का गं?" मी हो म्हटलं.

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला मी काही कोर्ट बघायला गेले नव्हते. लेक तिथल्या विद्यापीठात वर्षभरासाठी शिकायला आहे, एप्रिलमध्ये आठ दिवस तिच्याकडे जाऊन आले. तिने यादी केली होती: समुद्रकिनारा, पाएया नावाचा भात, सोरोया या चित्रकाराची चित्रं, ओर्चाता नावाचं पेय, आणि नदीच्या जुन्या पात्रातल्या त्या पांढऱ्याशुभ्र, मोठ्या माशाच्या सांगाड्यासारख्या इमारती. इमारती झाल्या एका सकाळी. फोटो निघाले, पाय दुखले, त्यांच्याबद्दल याहून जास्त मला काही सांगता येणार नाही. गुरुवारी नाश्ता आणि जेवण यांच्यामध्ये दोन तास रिकामे होते म्हणून ती म्हणाली, "इथे पाण्याचं कोर्ट भरतं दर गुरुवारी. पाच मिनिटांचं असतं. बघायचं?"

बाराचे टोल पडायच्या आत कॅथेड्रलच्या एका कमानीच्या दारापुढे लाकडी खुर्च्या गोलाकार मांडल्या गेल्या, भोवती बुटकं कुंपण. वर दगडात कोरलेले येशूचे शिष्य ऊन-पावसाने झिजून गेलेले. काळे, सैल, गुडघ्याखाली येणारे अंगरखे घातलेले आठ जण चालत आले आणि बसले. ते न्यायाधीश. पण वकील नव्हेत, सरकारी माणसंही नव्हेत. तुरिया नदीतून निघणाऱ्या आठ पाटांच्या शेतकऱ्यांनी आपापल्यातून निवडलेले आठ शेतकरी. मी त्यांच्या हातांकडेच बघत होते. नखांच्या कडेची माती कितीही धुतली तरी जात नाही, आणि तिसऱ्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याचा अंगठा आमच्या आप्पांच्या अंगठ्यासारखा बाहेर वळलेला होता, फावड्याच्या दांड्याने वळतो तसा. कुणी पाळी सोडून पाणी घेतलं, कुणाचं पाणी दुसऱ्याच्या उभ्या पिकात घुसलं, कुणी पाट साफ केला नाही, तर त्याची तक्रार इथे येते. सगळं तोंडी, तिथल्या व्हॅलेन्सियन बोलीत. ज्या पाटाचा आरोपी, त्या पाटाचा पंच निवाड्यात बोलत नाही. निकाल जागच्या जागी, आणि त्यावर अपील नाही.

हे किती वर्षं चाललंय, तर लोक हजार सांगतात. मुसलमानी राजवटीत हे पाट खोदले गेले. 1238 साली ख्रिस्ती राजा जाउमेने शहर जिंकलं, पण पाटांचे रिवाज होते तसेच ठेवले. शहाणा असणार. आज कॅथेड्रल आहे तिथे तेव्हा मशीद होती, आणि शुक्रवारच्या आदल्या दिवशी शेतकरी तिच्या दाराशी जमत, म्हणून गुरुवार, असं सांगतात. मशीद गेली, गुरुवार राहिला. पाटाला तिथे आजही 'असेकिया' म्हणतात, तो मूळ अरबी शब्द. पाळीला म्हणतात 'तांदा'. 2009 साली युनेस्कोनेही या कोर्टाला आपल्या यादीत घेतलं, आणि तेव्हापासून फोन जास्त आणि शेतकरी कमी, असं लेकीचा एक मित्र म्हणाला.

तर आठ पाटांची नावं एकेक करून पुकारली गेली. दर नावानंतर तो माणूस थांबायचा. कुणी पुढे यायचं नाही. मग पुढचं नाव. आठव्या शांततेनंतर आठही जण उठले आणि आले तसे रांगेने निघून गेले. मागे कुणीतरी इंग्रजीत म्हणालं, झालं एवढंच? गर्दी आइस्क्रीमकडे वळली.

मला मात्र घशाला कोरड पडली होती.

माझं माहेर धुळे जिल्ह्यातलं, पांझरेच्या काठचं. आमच्याकडे फड होता, हे आता साक्री तालुक्यातल्या पोरांनाही सांगावं लागतं. नदीवर जुना दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. ऊस ठरला तर ऊस, गहू ठरला तर गहू. पाणी कमी असेल तर एखादा फड त्या वर्षी पडीक, त्यात पाटलाची जमीन असो की भिल्लाची. पाणी भरायला शेतकऱ्याने स्वतः जायचंच नाही. त्यासाठी गावाने नेमलेला पाटकरी असे, त्याच्यावर हवालदार, पीक राखायला जागल्या. सुगीला त्यांना खळ्यावरून धान्य मिळे. पाटाच्या शेपटीकडचं बारं, म्हणजे शेतात पाणी घ्यायचं तोंड, आधी उघडायचं की वरचं, हे पाटकऱ्याने ठरवायचं आणि सगळ्यांनी मान्य करायचं. मान्य करायचं, कारण पाटकऱ्याचं स्वतःचं बारं आणि दुसऱ्याचं बारं यांत तो फरक करत नाही असा गावाचा विश्वास.

आमचे आप्पा पाटकरी होते. एकवीस वर्षं.

त्या चौकातच, कोर्टाच्या दारापासून हाकेच्या अंतरावर एक कारंजं आहे. मधोमध तुरिया नदी, ती तिथे पुरुष आहे, आडवा रेलून बसलेला दाढीवाला. आणि त्याच्या भोवती आठ उघड्या बायका, हातात घडे, घड्यांतून पाणी. त्या आठ जणी म्हणजे ते आठ पाट. लेक म्हणाली, "बघ, पाणी वाहायला बायका आणि निवाडा करायला बुवे." त्या दिवशी खुर्च्यांत खरंच आठही पुरुषच होते. मी हसले, पण मनात म्हटलं, कंदील धरायलाही.

पण ते नंतर.

दुसऱ्या दिवशी आम्ही अल्बुफेराला गेलो. शहराच्या दक्षिणेला गोड्या पाण्याचं हे मोठं सरोवर, समुद्रापासून वाळूच्या आणि पाइनच्या एका पट्ट्याने तोडलेलं, आणि भोवती नजर पोचेल तिथवर भातखाचरं. एप्रिलमध्ये ती कोरडी, नांगरलेली होती. मे महिन्यात पाणी सोडून भात पेरतात, सप्टेंबरात कापणी. भाताला ते 'अर्रोस' म्हणतात, तोही शब्द अरबांचाच, पाटांबरोबर आलेला. संत्र्याचा शब्द तर आपल्याकडून निघालेला आहे. संस्कृतातलं नारंग इराण-अरबस्तान करत तिथे जाऊन 'नारांखा' झालं, आणि आपल्याकडे नारिंग राहिलं. रस्त्याकडेची झाडं मोहरलेली होती आणि सगळ्या शहराला तो वास होता. रातराणीइतका उग्र नाही, मोगऱ्याइतका ओळखीचा नाही. लेकीने रस्त्यावरचं एक नारिंग तोडू दिलं नाही. म्हणाली, कडू असतं, आणि लोक बघतील.

एल पाल्मार गावात पाएया खाल्ली. रात्री मिळेल का, असं मी आदल्या दिवशी विचारलं होतं, तेव्हा लेकीने मला बाजूला घेऊन समजावलं की ती दुपारचीच गोष्ट आहे. रात्री मागितली की तू परकी आहेस हे त्यांना कळतं. ते तर माझ्या तोंडावरच लिहिलेलं होतं. असो. त्या भागातली खरी पाएया कोळंबीची नसते. कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, आपल्या डबल बीसारखे मोठे पांढरे दाणे, टोमॅटो, केशर, रोजमेरी. कांदा नाही. मागे अंगणात संत्र्याच्या लाकडांवर दोन हात रुंद, बोटभर उथळ कढया चढवलेल्या. भात ढवळायचा नाही, झाकायचा नाही, पाणी आटू द्यायचं आणि शेवटी आच वाढवून तळाला खरपूड धरू द्यायची. तिला 'सोकारात' असं मानाचं नाव आहे आणि तिच्यावरून टेबलावर भांडणं होतात. आमच्याकडे भाताची खरपूड कोण खाणार हे कधी विचारावंच लागलं नाही, ती आईच्या ताटात असायची.

शेजारच्या टेबलावर नऊ-दहा जणांचं कुटुंब कढईतूनच खात होतं, लाकडी चमच्यांनी. खानावळीच्या मालकिणीने आम्हालाही ताटं आणली नाहीत आणि चमच्याच्या टोकाने कढईत हवेतच रेघा ओढून दाखवल्या. तू इथून खायचं, ही तिथून. परिघापासून मध्याकडे जायचं आणि शेजाऱ्याच्या हद्दीत चमचा घालायचा नाही. त्याच्याकडे सशाचा तुकडा मोठा आलाय असं दिसलं तरी नाही. शेजारच्या टेबलावर एका पाच-सहा वर्षांच्या मुलाने आजोबांच्या वाट्यातला दाणा उचलला. आजोबांनी पाहिलं आणि दुसरीकडे बघू लागले. मुलाला ते कळलं. तो चमचा तोंडात धरून बसला, चावलं नाही त्याने किती तरी वेळ.

ओर्चाता मला आवडेल असं लेकीला वाटत नव्हतं. थंडगार, दुधासारखं पांढरं, पण दूध नव्हे. भिजवून, वाटून, गाळून काढलेलं, खसखशीच्या दुधाच्या चुलत घराण्यातलं. बरोबर 'फार्तोन' नावाचे लांबट गोड पाव, बुडवून खायला. हे कशाचं, तर चुफा नावाच्या गवताच्या जमिनीतल्या गाठींचं. शहराला चिकटून उत्तरेला अल्बोराया आहे, तिथे त्याची शेती होते. तिने फोनवर रोपाचा फोटो दाखवला आणि मी हसतच सुटले. लव्हाळा! म्हणजे अगदी आपला नव्हे, पण त्याचाच भाऊ. आमच्या फडात लव्हाळ्याच्या गाठी खुरप्याने काढून काढून आईची बोटं सोलायची. एक गाठ राहिली की पुढच्या पावसात दहा. आप्पा त्याला कोर्टकचेरी म्हणत, वर कापली तरी खाली वाढतेच. आणि इथे त्याला पाळीने पाणी देतात, आणि त्याचा ग्लास पैसे मोजून पितात. मी दोन प्यायले.

महापुरात झाडं जातात, लव्हाळी वाचतात, हे शाळेत किती वेळा लिहिलंय आपण. या शहराने मात्र पुरात वाकायचं नाकारलं आणि नदीच उचलून बाजूला ठेवली. 14 ऑक्टोबर 1957 रोजी तुरिया शहरात घुसली, माणसं गेली, घरं गेली. त्यानंतर दक्षिणेकडून नवं पात्र खोदून नदी तिकडे वळवली. मधलं जुनं पात्र कोरडं पडलं. तिथे वाहनांसाठी हमरस्ता करायचं ठरत होतं, तर लोकांनी 'नदीचं पात्र आमचं आहे आणि ते आम्हाला हिरवं हवंय' अशी घोषणा दिली. आता तिथे काही किलोमीटर लांब बाग आहे. वर दगडी पूल तसेच उभे आणि खालून पोरं सायकली चालवतात, फुटबॉल खेळतात, म्हातारे पत्ते कुटतात. पुलाखालून चालताना मला सारखं वाटत होतं की वर बघावं, पाणी सोडलंय का.

लेक त्या बागेत एका ठिकाणी थांबून म्हणाली, "आई, तुला मी सांगितलं नाही, ऑक्टोबरात मी गेले होते." 29 ऑक्टोबर 2024 ला त्या भागात पाऊस कोसळला, शहराच्या दक्षिणेकडची गावं पोयोच्या ओढ्याने आणि इतर नाल्यांनी बुडाली, दोनशेहून जास्त माणसं गेली. तुरियाचं पाणी नव्या पात्राने वाहून नेलं आणि शहर कोरडं राहिलं. आम्ही पुण्यात टीव्हीवर चिखलाने भरलेल्या गल्ल्या बघत होतो आणि ही फोनवर सांगत होती, मी ठीक आहे, माझ्याकडे पाऊससुद्धा नव्हता. ते खरंच होतं. पण दोन दिवसांनी हजारो पोरं झाडू, फावडी, बादल्या घेऊन नव्या पात्रावरच्या पुलावरून पायी पलीकडे गेली, त्यांत ही होती. "फावडं आधी कधी धरलं नव्हतं ना," ती म्हणाली आणि तळहात दाखवला, जणू फोड अजून तिथे असावा. "अलीकडे कॉफीची दुकानं चालू आणि पलीकडे ते. मधे एक पूल फक्त. मला त्या आठवड्यात जेवायलाच लाज वाटायची." मी तिच्या तळहातावरून बोट फिरवलं. पाटकऱ्याची नात, एवढं मनात आलं.

समुद्राला आम्ही शनिवारी गेलो. मालवारोसाचा किनारा रुंद, वाळू बारीक आणि फिकट, पाणी इतकं थंड की घोटा बुडताच पाय ओढून घ्यावा. तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. कोकणातल्या समुद्राची सवय असलेल्याला ते विचित्र वाटतं, समुद्र आपल्या जागी बसलेला, ना आत येत ना मागे जात. सोरोया याच शहरात 1863 साली जन्मला आणि हा किनारा त्याने पुन्हा पुन्हा रंगवला: ओल्या अंगाची पोरं, वाऱ्याने फुगलेली शिडं, आणि बैल. हो, समुद्रात बैल! मासेमारीच्या जड होड्या लाटांतून वाळूवर ओढायला इथे बैलजोड्या असत, आणि मागच्या काबान्याल वस्तीत त्या बैलांसाठी बांधलेलं घर अजून आहे, दर्शनी भिंतीवर बैलाचं डोकं. चित्रात ते गुडघाभर पाण्यात, मान खाली, खांद्यावर ऊन. लेकीला त्यात प्रकाश दिसत होता. मला बैलाच्या डोळ्यांत ते दिसत होतं, जे आमच्या बैलांच्या डोळ्यांत मोटेच्या शेवटच्या फेरीला असायचं.

वाळूत बसल्या बसल्या लेक झोपली आणि मग ती रात्र आलीच.

1987 सालचा जानेवारी. आधीची दोन वर्षं पावसाची नव्हतीच. गव्हाचा फड होता, गहू पोटरीत, आणि बंधाऱ्यात पाणी अगदी बुडाला. त्या फेरीत शेपटीकडून भरायचं ठरलं होतं. शेपटीला एका विधवा मावशीचं दीड बिघा होतं. तिला मूलबाळ नव्हतं, दर उन्हाळ्यात ती आमच्याकडे बिबड्यांचा एक डबा पाठवायची, जिरं जरा जास्त घातलेल्या. मी अकरा वर्षांची. भाऊ तापाने झोपलेला, म्हणून आप्पांबरोबर कंदील धरायला मी. थंडी अशी की पाटाच्या पाण्यातून वाफ निघत होती. मावशीच्या शेतात पाणी निम्म्यावर गेलं असेल, तेव्हा आप्पा उठले. पाटावरून वर चालत आले, आमच्या बाऱ्याशी थांबले. आमचा गहू पिवळा पडायला लागला होता, ते मलाही दिवसा दिसलं होतं. थोडा वेळ ते नुसते उभे राहिले. मग माझ्या हातातला कंदील घेतला, वात खाली केली, अगदी ठिणगीएवढी, आणि फावड्याचे दोन घाव घातले. पाणी वळल्याचा आवाज अंधारात फार मोठा वाटतो. किती वेळ गेला कोण जाणे. मी शंभरपर्यंत मोजत होते आणि पुन्हा एकपासून. मग त्यांनी माती लावून बारं बंद केलं, कंदिलाची वात वर केली आणि माझ्या हातात दिला. काही बोलले नाहीत. 'कोणाला सांगू नको' असंही नाही. ते म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं मला नंतर बऱ्याचदा वाटलं.

शेपटीच्या त्या शेतात एक पट्टा ओंबीत दाणा न धरता राहिला. लोक म्हणाले, पाणीच कमी पडलं, पाटकरी तरी काय करणार. मावशीने उन्हाळ्यात बिबड्या पाठवल्या. आप्पांनी खाल्ल्या नाहीत, दात दुखतो म्हणाले. आम्ही त्या वर्षी घरचा गहू खाल्ला. बाकी वीस वर्षांत त्यांनी वावगं काही केलं असेल असं मला वाटत नाही, आणि हे मी कुणाला पटवून देतेय, ते माझं मला कळत नाही. पुढे वर धरणं झाली, ज्याने त्याने विहीर खोदली, मोटर बसवली, फड मोडला. पुकारा करायला कोणी उरलं नाही.

निघायच्या दिवशी लेक सामान बांधत होती, मी खाली नदीच्या बागेत एका बाकावर येऊन बसले. साडेबारा झाले होते. म्हणजे तिकडे चार, आप्पांचा चहा झाला असणार. फोन लावला. त्यांना ऐकू बऱ्यापैकी येतं, फक्त मोठ्याने बोलावं लागतं. मी समुद्राचं सांगितलं, बैलांचं सांगितलं, लव्हाळ्याचं सांगितलं, त्यावर ते खूप हसले. मग म्हटलं, "आप्पा, इथे पाटाच्या पाण्याचं कोर्ट भरतं. दर गुरुवारी. शेतकरीच पंच."

"लिहून घेतात?"

"नाही. सगळं तोंडी."

"मग बरोबर." थोडं थांबून म्हणाले, "तुझ्यासमोर कोणाची तक्रार आली?"

"कोणाचीच नाही. आठही पाटांचा पुकारा केला. कोणीच आलं नाही पुढे."

ते गप्प झाले. मग विचारलं, "पाटाला पाणी होतं का?"

मी म्हटलं, पाट बघितलाच नाही, ते शहराबाहेर आहेत. "मग काय बघितलंस तू," ते म्हणाले, जरा चिडूनच. माझ्यासमोर दोन पोरं चेंडू पुलाच्या कमानीवर मारत होती, धप्, धप्. मी म्हटलं, "आप्पा, ते गव्हाचं वर्ष आठवतं का? भाऊ आजारी होता, कंदील मी..."

"हॅलो?" ते म्हणाले. "आवाज येत नाही बेटा. कटतोय तुझा आवाज. हॅलो?"

त्यांच्यामागे कुणाच्या तरी विहिरीवर मोटर चालू होती. ती मला इथवर स्वच्छ ऐकू येत होती.